साहेबांची बदली झाली की सुधारणा का थांबते?

खिडकी_क्रमांक_३

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी १४ वर्षं नोकरी करते आहे. लिपिक म्हणून लागले आणि त्यातली बरीच वर्षं नागरिकांच्या समोरच्या खिडकीवर काढली. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

जून-जुलैत दाखल्यांच्या खिडकीवर काय अवस्था असते ते दहावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांना ठाऊक आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत हडपसरकडच्या एक बाई आल्या. धुण्याभांड्याची कामं करतात. दवाखान्याच्या एका जुन्या फायलीत सगळे कागद नीट लावून आणले होते, वर मुलीची गुणपत्रिका. त्यांची ही चौथी खेप होती. नॉन-क्रीमीलेयरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यांच्याकडे होता एकाच वर्षाचा. महिन्याभरापूर्वी त्यांनी नुसता "उत्पन्नाचा दाखला पाहिजे" असं सांगितलं होतं, त्यांना तो मिळाला होता. कशासाठी हवा आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ताई, पहिल्या दिवशीच कुणी विचारलं असतं तर माझे चार खाडे वाचले असते."

त्या दिवशी घरी जाताना मी दोनशे पानी वही घेतली. पुढचे पंधरा दिवस, परत पाठवलेल्या प्रत्येक माणसासमोर एक ओळ लिहीत गेले: का परत गेला. पंधराव्या दिवशी वही चाळली तर कारणं मोजून चार-पाचच निघाली, आणि सगळ्यांत मोठं कारण हेच, चुकीच्या कामासाठी बरोबर कागद. मग मी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारायला लागले, "दाखला कशासाठी हवाय?" उत्तर ऐकून एका चिठ्ठीवर खुणा करायच्या आणि ती हातात द्यायची. चिठ्ठ्या पाठकोऱ्या कागदांच्या. आमचे शिपाईमामा दुपारच्या चहाआधी फूटपट्टी लावून फाडून ठेवायचे.

तेव्हाच्या साहेबांना वही दाखवली. त्यांनी पाच मिनिटं पानं उलटली आणि म्हणाले, "करा. कुणी विचारलं तर मी आहे." या एका वाक्यावर आमचं पुढचं वर्ष चाललं. परत जाणारी माणसं डोळ्यांना दिसतील इतकी कमी झाली.

मग साहेबांची बदली झाली. नवीन साहेब पहिल्याच फेरीत खिडकीपाशी थांबले. चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "हे कुणाच्या आदेशाने?" माझ्याकडे कागद नव्हता. चिठ्ठी त्याच दिवशी बंद झाली.

गेल्या काही वर्षांत प्रशिक्षणांमध्ये नवोपक्रम आणि नेतृत्व हे शब्द बरेच ऐकले. मला मनापासून विचारायचं आहे. ही कौशल्यं शिकवता येतात का? माझ्यासारखी, जिच्या सहीला किंमत नाही, तिनं नेतृत्व म्हणून नेमकं काय करायचं? आणि साहेब बदलले तरी चांगली गोष्ट टिकावी म्हणून काय करतात?

कोथरूडची_आई

ताई, मागच्या वर्षी मुलाच्या प्रवेशाच्या वेळी मी रांगेत उभी होते. तुमच्या कार्यालयात नाही, दुसरीकडे. तीन वेळा परत आले. कागद कमी असल्याचं दुःख नव्हतं, दर वेळी नवीन कागद सांगितला गेला याचं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगताना रडू आलं. तुमच्या त्या चिठ्ठीनं माझे दोन दिवस नक्की वाचवले असते. कामं सांभाळून, स्वतःच्या पैशांनी वही आणून कुणी हे लिहून ठेवतं, हे वाचूनच बरं वाटलं. हे बंद पडू देऊ नका.

निवृत्त_नगरकर

बाई, तुम्ही वही घातली तिथंच अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं राहिलं ते कागदाचं, आणि त्याबद्दल मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी १९८० च्या दशकात नगर जिल्ह्यात कारकून म्हणून लागलो. आता अहिल्यानगर. अनिलकुमार लखिना तिथं जिल्हाधिकारी होते. तेव्हाची कार्यालयं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना कल्पना येणार नाही. कपाटावर गठ्ठे, टेबलाखाली गठ्ठे, गठ्ठ्यांवर बसून डबा खायचा. एखादं प्रकरण मागितलं की सापडेपर्यंत मागणारा गावी परत गेलेला असायचा. लखिनासाहेबांनी कुठलं यंत्र आणलं नाही. कागद लावायची रीत बसवली. प्रत्येक कारकुनाच्या टेबलाचे सहा गठ्ठे: हातातली प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं (ठरावीक काळानं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश संचिका (कायम लागू असलेल्या आदेशांची फाईल), अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. 'अ' वर्गाचा कागद कायमचा जपायचा, 'ड' वर्गाचा वर्षानंतर काढून टाकायचा. हे ठरलं आणि खोलीत उजेड आला. शब्दशः, कारण खिडक्या मोकळ्या झाल्या. लखिना पॅटर्न म्हणून ते राज्यभर गेलं.

आता खरा मुद्दा. २०१७ मध्ये पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गती', म्हणजे काम साचू न देता रोजच्या रोज निकाली काढणं, हाती घेतलं, तेव्हा मी पुणे विभागातच होतो. पहिलं काम काय, तर पुन्हा गठ्ठे सोडायचे, पुन्हा वर्गवारी लावायची. तीस वर्षांत आम्हीच ती रीत हातची घालवली होती. पण सहा गठ्ठे म्हणजे काय हे कुणाला नव्यानं शोधावं लागलं नाही. ते कागदावर होतं, प्रशिक्षणात होतं, तपासणीच्या प्रश्नावलीत होतं. म्हणून परत उभं राहू शकलं.

तुमच्या चिठ्ठीला हे काहीच मिळालं नाही. साहेबांचा शब्द मोलाचा, पण शब्द साहेबांबरोबर बदलीच्या ठिकाणी जातो. टिपणी, म्हणजे साहेबांच्या मान्यतेसाठी लेखी प्रस्ताव, ठेवा. कार्यालयीन आदेश काढून घ्या, त्याला जावक क्रमांक पडू द्या. त्याची प्रत स्थायी आदेश संचिकेत लावा. चौथा गठ्ठा त्यासाठीच आहे. पुढचा माणूस त्या टेबलावर बसला की त्याला ती संचिका वाचावीच लागते.

परिविक्षाधीन

मी नव्यानं सेवेत आलोय, गट-ब. थोडी वेगळी बाजू मांडतो, रागावू नका.

"कुणाच्या आदेशाने?" हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. आज तुमच्या खिडकीवर चिठ्ठी आहे, उद्या शेजारच्या खिडकीवर दुसरा कर्मचारी स्वतःच्या मनानं दोन कागद वाढवून यादी लावेल. नियमात नसलेला कागद मागणं हा लोकांवर अन्याय आहे आणि असं होताना मी पाहिलंय. नवीन अधिकाऱ्याला चांगली चिठ्ठी आणि वाईट चिठ्ठी यातला फरक पहिल्या दिवशी कळणं अवघड असतं. तो बंद करतो, कारण बंद केल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. चालू ठेवलं आणि तक्रार आली तर खुलासा त्याच्या नावानं निघतो.

मात्र त्या साहेबांनी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता: "हे का सुरू केलं?" मग तुम्ही वही दाखवली असती. मला वाटतं नेतृत्व म्हणजे हा दुसरा प्रश्न. आणि तो विचारायला कुणी शिकवत नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातला 'नियमाकडून भूमिकेकडे' हा विचार मला खरोखर पटतो. त्याच्या आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन पोर्टलवरचे बरेच अभ्यासक्रम मी मनापासून केले. नोटिंग, खरेदी, माहितीचा अधिकार यांवरच्या अभ्यासक्रमांचा उपयोग झाला. पण हाताखालच्या माणसाचं ऐकून घेण्याची सवय मोबाईलवर लागत नाही. ती मला एका मंडळ अधिकाऱ्यांनी लावली. दौऱ्यावरून परतताना गाडीत ते रोज विचारायचे, "आज तुला काय खटकलं?"

खिडकी_क्रमांक_३

@परिविक्षाधीन, अजिबात राग नाही. तुमचं म्हणणं मला त्या दिवशी समजलं नव्हतं, आज समजलं. चिठ्ठीत मी नियमाबाहेरचा एकही कागद लिहिला नव्हता, पण ते नवीन साहेबांना कसं कळणार? चिठ्ठीवर कुठल्या शासन निर्णयाचा हवाला नव्हता. ही माझी चूक मान्य करते.

@निवृत्त_नगरकर काका, स्थायी आदेश संचिका माझ्याच मागच्या कपाटात आहे. वार्षिक तपासणीच्या वेळी काढतो आणि पुन्हा ठेवतो.

चुना_आणि_टेप

मी भूमापनातला माणूस. नवोपक्रम म्हटलं की लोकांना यंत्र दिसतं, म्हणून आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो.

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी गाव. गावठाणाची ड्रोननं मोजणी करायचा पथदर्शी प्रयोग आपल्या जिल्ह्यात तिथं झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना (गावातल्या घरांच्या मिळकतींची ड्रोननं मोजणी) म्हणून ती गोष्ट देशभर गेली. फोटोत सगळ्यांना ड्रोन दिसतो. ड्रोन उडण्याआधी काय होतं ते फार कुणाला दिसत नाही. आधी ग्रामसभा. मग घरटी माणूस बोलवायचा आणि प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची, म्हणजे वरून फोटोत हद्द दिसते. आता गावठाणात दोन भावांच्या मधल्या बोळात चुना टाकायचा म्हणजे काय प्रसंग असतो बघा. घमेलं हातात घेऊन माणूस उभा, थोरला म्हणतो इकडून, धाकटा म्हणतो तिकडून. अशा एका बोळात आम्ही दोन तास उभे होतो. शेवटी त्यांची म्हातारी आई काठी टेकत आली, तिनं काठीनंच जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाली, तुमच्या बापानं इथं तुळस लावली होती. चुना त्या रेघेवर पडला.

ड्रोनला ते गावठाण टिपायला जो वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ त्या बोळांमध्ये गेला. माझ्या मते कौशल्य ते आहे. माणसाला बोलतं करणं, थांबणं, जागेवर उपाय सापडेपर्यंत निघून न जाणं. हे आम्ही वरिष्ठांबरोबर फिरून शिकलो.

दुसरं असं की आधी एका गावात करून पाहिलं, चुका तिथं झाल्या, त्या दुरुस्त झाल्या आणि मगच पुढे गेलं. ताईंनी एका खिडकीवर एक वर्ष केलं तेही तसंच आहे. फक्त त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही.

आकडेमोड

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट राहतेय, मोजमापाची.

आपण कार्यालयात काय मोजतो? आवक किती, निर्गती किती, शिल्लक किती. साप्ताहिक गोषवाऱ्यात एवढंच जातं. आता त्रुटी काढून परत केलेला अर्ज कुठं जातो? निर्गतीत. म्हणजे त्या हडपसरच्या बाई चार वेळा आल्या आणि चारही वेळा अर्ज दाखल झाला असता, तर कागदावर चार प्रकरणं निकाली निघाली असती. आकडा उत्तम, आणि बाईंच्या हातात काही नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. मी त्याचा मोठा समर्थक आहे. सेवा देण्याची मुदत ठरली, अपिलाची सोय झाली, कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला) ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड ठरला. त्याआधी "साहेब दौऱ्यावर आहेत" याला काही उत्तरच नव्हतं. पण मुदतीची भीती आणि जागा रिकाम्या, असं दोन्ही एकत्र आलं की काही ठिकाणी मुदत संपायच्या आत एखादी त्रुटी काढून अर्ज परत करायची सवय लागते. कायद्याचा हेतू त्यात मरतो.

म्हणून ताईंच्या वहीचं महत्त्व. "का परत गेला" हा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही, तो त्यांनी स्वतः तयार केला. माझी सूचना अशी की गोषवाऱ्यात एक ओळ वाढवा: पहिल्याच खेपेत काम झालेले अर्ज किती. कार्यालयप्रमुखानं दर सोमवारी एवढी एकच ओळ विचारली तरी खिडकीवरचं वागणं बदलेल. वरिष्ठ जे विचारतात तेच खाली केलं जातं, हे आपण सगळे जाणतो.

निवृत्त_नगरकर

आकडेमोड यांच्याशी शंभर टक्के सहमत. यात भर: ज्याला आपण बदल्यांचा २००५ चा कायदा म्हणतो, त्याच कायद्याच्या नावात विलंबास प्रतिबंध हेही आहे. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी आणि एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, या दोन्ही गोष्टी त्या एकाच कायद्यात आहेत. बदलीचा भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो. दुसरा भागही तितकाच पाठ असावा अशी माझी फार इच्छा आहे.

वर्गातला_माणूस

मी शासकीय कर्मचाऱ्यांचे वर्ग घेतो, बाहेरचा व्याख्याता म्हणून. बाणेर रस्त्यावरच्या यशदा या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेमुळे पुण्यात प्रशिक्षणाचं वातावरण चांगलं आहे. राज्यभरातले लोक इथं येतात, आणि चहाच्या सुट्टीत नांदेडचा माणूस सिंधुदुर्गच्या माणसाला आपली अडचण सांगतो. माझ्या तासापेक्षा त्या सुट्टीतून जास्त शिकणं होतं, हे मी अनेक वर्षं पाहतोय.

ताईंनी विचारलं की ही कौशल्यं शिकवता येतात का. माझा अनुभव सांगतो. स्लाईड दाखवून येत नाहीत. मी एक करतो. प्रशिक्षणार्थींना त्यांच्याच कार्यालयाचा नागरिकांसाठीचा अर्ज भरायला देतो, कोणतीही मदत न करता. स्वतः रोज तपासतात तोच अर्ज. पाच-सात मिनिटांत वर्ग शांत होतो. मग एक एक जण मान वर करतो. एकदा एक ज्येष्ठ भगिनी, पंचवीसेक वर्षं नोकरी झालेल्या, एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, इथं नेमकं काय लिहायचं हे मलाच माहीत नाही, आणि मी यावर त्रुटी काढत आले." त्यांचा आवाज कापत होता. त्यानंतर मी नवोपक्रमाची व्याख्या सांगायची सोडून दिली. आपल्याच खिडकीच्या पलीकडे जाऊन उभं राहता आलं की पुढचं त्यांना आपोआप सुचायला लागतं.

अधिकाऱ्यांच्या वर्गात एकच प्रश्न विचारतो: तुमच्या हाताखालच्या माणसानं तुम्हाला शेवटची सूचना कधी केली आणि तुम्ही त्याचं काय केलंत? बरेच जण बराच वेळ आठवत राहतात. ज्यांच्याकडे सूचना येत नाहीत त्यांच्या कार्यालयात हुशार माणसं नसतात असं नाही. एकदा सांगून पाहिलेलं असतं, काही झालं नाही, म्हणून ती गप्प असतात.

राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानात राज्य शासन चांगल्या उपक्रमांना बक्षिसं देतं. ती द्यावीतच. पण मला फार वाटतं की बक्षीस मिळाल्यावर तीन वर्षांनी जाऊन बघावं, ते काम अजून चालू आहे का. चालू असेल तर, सुरू करणाऱ्याइतकंच, नंतर येऊन ते चालू ठेवणाऱ्यालाही बक्षीस द्यावं. दुसऱ्यानं सुरू केलेलं प्रेमानं पुढे नेणं हे फार अवघड नेतृत्व आहे.

पेठेतला_वाचक

सगळं ऑनलाइनच झालं तर खिडकी, चिठ्ठी, साहेब यातलं काहीच लागणार नाही. त्यावर भर का देत नाही?

खिडकी_क्रमांक_३

@पेठेतला_वाचक, अर्ज ऑनलाइनच असतात हो, 'आपले सरकार' पोर्टलवर. पण ज्यांना स्वतः भरता येत नाही ते सेवा केंद्रात जातात आणि तिथंही तेच होतं. माणूस म्हणतो उत्पन्नाचा दाखला, समोरचा पर्याय निवडतो एक वर्ष. संगणकाला तो अर्ज बरोबरच दिसतो. मी मुद्दाम आमच्या भागातल्या दोन केंद्रांवर जाऊन बसले होते, सुट्टीच्या दिवशी. तिथल्या मुलाला म्हटलं, पर्याय निवडायच्या आधी एकदा विचार ना, कशासाठी. तो म्हणाला, विचारतो की, मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो अजूनही विचारतो. त्याला आदेश लागला नाही.

खिडकी_क्रमांक_३

आठ दिवसांनी परत लिहिते आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे टिपणी तयार केली. वहीतल्या पंधरा दिवसांच्या नोंदींचा गोषवारा जोडलाय. परिविक्षाधीन यांच्या मुद्द्यावरून चिठ्ठीतल्या प्रत्येक कागदासमोर संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक टाकला, आणि तळाशी छापलं: 'या यादीव्यतिरिक्त कोणतेही कागदपत्र मागितले जाणार नाही.' आकडेमोड यांची ओळही घेतली. उद्या ठेवणार आहे. शेवटचा परिच्छेद इथं देते, काका, एकदा नजर टाका:

"तरी नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी सोबतच्या नमुन्यातील चिठ्ठी खिडकी क्रमांक १ ते ४ वर प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यास कृपया परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

निवृत्त_नगरकर

छान झालीय. दोन दुरुस्त्या. हा कार्यालयीन प्रस्ताव आहे, रजेचा अर्ज नव्हे, म्हणून 'नम्र विनंती' काढा आणि 'मान्यतेस्तव सादर' लिहा. दुसरं, 'प्रायोगिक तत्त्वावर' एवढंच ठेवलं तर ते कधीही थांबवता येतं. त्यापुढे लिहा: 'तीन महिन्यांनी गोषवाऱ्यासह आढावा घेऊन स्थायी आदेश संचिकेत समाविष्ट करण्यात येईल.' आढाव्याची तारीख घाला. आणि टिपणी घेऊन जाताना मूळ वही बरोबर न्या, साहेबांनी स्वतः पानं उलटू द्यात.

खिडकी_क्रमांक_३

दोन्ही केल्या. वही पिशवीत भरलीय. शिपाईमामांना फोन केला होता, ते म्हणाले पाठकोरे कागद त्यांनी फेकले नव्हते, कपाटाच्या खालच्या कप्प्यात बांधून ठेवलेत.